वाठार स्टेशनचा रस्ता

आपल्या जुन्या वैद्यांनीं क्षयास राजयक्ष्मा हें नांव दिलें. दक्षाच्या सत्तावीस कन्या वरून एकट्या रोहिणीवरच लोभ ठेवणाऱ्या चंद्रास सासऱ्याच्या शापानें हा रोग जडला, अशी कथा आहे. राजाला झाला म्हणून राजयक्ष्मा. पुढें या रोगानें दरिद्र्याच्या घरींच मुक्काम ठोकला, हें मात्र कथाकारांस दिसलें नाहीं. तो मुक्काम पहावयास फार दूर जावयास नको. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्यांत वाठार नांवाचें एक रेल्वे स्टेशन आहे. तेथवर गेलें तरी पुरे.

पुणें-मिरज लोहमार्ग १८८७ च्या सुमारास पुरा झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत पुण्यास डॉ. आनंदीबाई जोशी क्षयानें वारल्या. वय अवघें एकवीस. रॉबर्ट कॉक यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें या रोगाचा जंतु जगापुढें ठेवला, त्यास तेव्हां पांच वर्षें होत आलीं होतीं. शत्रूचा ठावठिकाणा लागला होता. शस्त्र हातीं यावयास आणखी साठ वर्षें लागावयाचीं होतीं. तोंवर उपाय एकच: उंचावरची स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांति आणि दूधदुभतें.

ही हवा विकत घ्यावी लागे. मुंबईची सधन मंडळी वाठारास उतरत आणि टांग्यानें, पुढच्या काळांत मोटारीनें, वाईवरून पसरणीचा घाट चढून सुमारें २८ मैलांवरील पांचगणीस जात. सव्वाचार हजार फुटांवरील त्या गांवीं डॉ. रुस्तम बोमनजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं 'बेल एअर' आरोग्यधाम उभारलें. याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकास, मिरजेजवळ, अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या प्रयत्नानें १९२० च्या सुमारास क्षयरोग्यांसाठीं स्वतंत्र आरोग्यधाम निघालें. त्या ठिकाणास आजही वानलेसवाडी म्हणतात. दोन्ही कामें मोठ्या मनाचीं होतीं, यांत शंका नाहीं.

परंतु त्याच गाडीनें दुसरीही माणसें येत असत. साताऱ्याकडचीं खेडीं मुंबईच्या गिरण्यांना हात पुरवीत. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीनें निजावयाचें, अशा चाळींतून खोकला घेऊन निघालेला गिरणीकामगार गांवीं परत येई तो घाट चढण्यासाठीं नव्हे. तो घरच्या ओटीवर अंथरूण धरी, आणि त्याच्याच ताटाशेजारीं लहान पोरें जेवावयास बसत. हा रोग उष्ट्यानें नव्हे, श्वासावाटे पसरतो. तेव्हां वेगळें ताट मांडून, दारें-खिडक्या मात्र बंद ठेवणाऱ्या घरांचें सोवळें फारसें उपयोगीं पडलें नाहीं.

१९४६ च्या भोर समितीनें आंकडेच मांडले: रोगी सुमारें पंचवीस लाख, खाटा सहा हजारांच्या आसपास. प्रत्येक रोग्यास आरोग्यधाम, हें स्वप्न गणितानेंच मोडलें.

इतक्यांत औषधें आलीं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा, आयसोनियाझिड १९५२ चें. तथापि माझ्या मतें खरी क्रांति १९५६ सालीं मद्रास शहरांत सुरू झाली. तेथें गरीब वस्त्यांतील रोग्यांचे दोन गट केले. एकास आरोग्यधामांत ठेवलें, दुसऱ्यास घरींच. औषधें दोघांस तींच, वर्षभर. घरच्या रोग्यांचें अन्न निकृष्ट, जागा अपुरी, विश्रांति कमी. तरीही १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचें बरें होण्याचें प्रमाण जवळजवळ सारखेंच निघालें. घरांतील इतरांना धोका वाढला असेंही आढळलें नाहीं. जगभरच्या आरोग्यधामांचा पाया या एका प्रयोगानें खचला. घाटावरची हवा परवडत नसणाऱ्याला प्रथमच बरोबरीचा न्याय मिळाला, आणि तो मिळाला गोळ्यांच्या पुडीतून. 'बेल एअर' पुढें १९६४ सालीं रेडक्रॉसकडे गेलें.

मग अडले कोठें? निदानापाशीं. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या अभ्यासकांनीं तुमकूर जिल्ह्यांतील खेड्यांत चौकशी केली. ती १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. खेडूत अडाणी, त्याला दुखणें कळत नाहीं, हा सुशिक्षितांचा लाडका समज तीनें खोटा पाडला. निम्म्याहून अधिक रोगी आपण होऊन दवाखान्यांत जाऊन आले होते. तेथें त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविलें होतें; थुंकी तपासलीच नव्हती.

अर्धवट सोडलेल्या औषधांनीं पुढें औषधांस न जुमानणारा क्षय निर्माण केला, हें वेगळेंच दुखणें. आतां जंतूंतील वारसद्रव्य ओळखून सुमारें दोन तासांत रोगाचें आणि एका प्रमुख औषधास होणाऱ्या विरोधाचेंही निदान करणारें यंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें तें २०१० सालीं मान्य केलें. साध्या क्षयाचा इलाज सहा महिन्यांचा आहे. असें असतां २०२३ सालीं जगांत एक कोटी आठ लक्ष लोकांना हा रोग झाला, साडेबारा लक्ष दगावले, आणि नव्या रोग्यांपैकीं चतुर्थांशाहून अधिक भारतांतले होते. सरकार रोग्यास पोषणासाठीं मासिक ५०० रुपये २०१८ पासून देऊं लागलें; २०२४ च्या नोव्हेंबरांत त्याचे १००० झाले. जुन्या आरोग्यधामांच्या दूधदुभत्याचा हा धाकटा वंशजच म्हणावयाचा.

वाठारास गाड्या अजून थांबतात. दोन आठवडे खोकला राहिला तर त्या गाडीनें कोठेंही जावें लागत नाहीं. थुंकीची तपासणी आणि औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात.