घोडा चढवण्याआधी

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर विळे, कोयते, नांगराचा फाळ आणि त्यांच्या शेजारी आजोबांचं रिव्हॉल्व्हर मांडलं जाई. आदल्या रात्री आजोबा ते रिकामं करून तेलाच्या फडक्यानं पुसत. आजी हळदकुंकू दस्त्यालाच लावी. लोखंडाला ओल लागलेली आजोबांना खपत नसे.

त्यांच्या वडिलांच्या नशिबी असा पाट नव्हता. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनाला माफी. पणजोबांकडची ठासणीची बंदूक तालुक्याला जमा झाली ती परत आलीच नाही. डुकरं जोंधळ्यात शिरली की डबे वाजवायचे. "आमची पोरं लढाईवर चालतात, बंदूक मात्र घरात चालत नाही," असं ते म्हणत. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांचं हेच दुखणं होतं.

आजीचे थोरले भाऊ १९३१ साली पुण्यात शिकत होते. त्या वर्षी जानेवारीत सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी झाली होती. २२ जुलैला फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली, पण ती खिशातल्या वहीच्या धातूच्या बटणावर अडली. मामाआजोबा ही हकीकत सांगताना आवाज खाली आणत. परवाना नसलेल्या तरुणानं रिव्हॉल्व्हर मिळवलं कसं, यानं ते म्हातारपणीही थरारत.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत. १९४४ साली ते इटलीत होते. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच मोहीम. पुढं सुभेदार झाल्यावर कमरेला सरकारी .३८ आलं. खटका दाबला की नळी पुढे कलते, मधली चक्री उघडी पडते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जातात. थंडीनं बोटं बधिर झाली तरी भरता येतं, हे त्यांना फार आवडे. दस्त्याच्या तळाला कडी असे. तिच्यात दोरी ओवून गळ्यात घालायची, म्हणजे चिखलात पडलं तरी हरवायचं नाही.

सरकारी हत्यार सरकारजमा झालं. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यात गोऱ्या-काळ्याचा भेद उरला नाही. मग आजोबांनी रीतसर परवाना काढून बर्मिंगहॅमची जुनी .३२ वेब्ली घेतली. उसाच्या बिलाची रोकड आणताना ती सदऱ्याच्या आत असे. तिचा बार गावानं कधी ऐकला नाही. "घोडा चढवायला ताकद लागत न्हाई, उतरवायला लागती," हे त्यांचं बोलणं आत्याच्या तोंडी अजून आहे.

नवी हत्यारंही मी कौतुकानं पाहते. कानपूरच्या कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ साली आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, जेमतेम अर्धा किलो. स्त्रियांना पेलावं हा हेतू. २०२३च्या 'प्रबल'ची चक्री बाजूला निघते. सांगाडा मधून मोडत नसल्यानं ही रचना जुन्या बिजागरीपेक्षा भक्कम. तरीही वेब्ली हातात घेतली की तिच्या कलत्या नळीतली सफाई मला अजून मोहवते.

आजोबांमागे ती वडिलांच्या आणि त्यांच्यामागे माझ्या नावावर आली. दर वेळी आधी पोलीस ठाण्यात जमा, मग वारसाचा अर्ज, पोलिसांची चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का. निवडणूक लागली की ती पुन्हा ठाण्यात जाते, मी पावती घेऊन येते. शेजारीपाजारी याला कटकट म्हणतात. मला तसं वाटत नाही. पणजोबांची बंदूक सरकारनं अविश्वासानं नेली; माझी मी स्वतः नेऊन देते आणि परत आणते. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

भाचा विचारतो, लग्नात एक बार काढला तर काय बिघडलं? २०१९च्या दुरुस्तीनं असा बेफिकीर गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवलाय, हे मी त्याला सांगते. पण त्याआधी आजोबांचं सांगते. हत्यार ज्याच्या घरी, त्याच्या शेजाऱ्यानं निर्धास्त झोपलं पाहिजे. आमच्या घराण्यानं ही अट कायद्याच्याही आधी मानली आहे, आणि भाच्यानं ती मानल्याशिवाय वारसाच्या अर्जावर त्याचं नाव लागणार नाही.