आठ कप्पे आणि एक राहिलेला प्रश्न

नाशिकच्या द्वारका परिसरातील काही मुले संध्याकाळी इंग्रजीचे व्याकरण विचारण्यासाठी माझ्याकडे येतात. परवा एका मुलीने विचारले, "फादर, 'गॉड' हा शब्द तृतीयपुरुषी, एकवचनी, मग 'गॉड ब्लेस यू' यात क्रियापदाला 'एस' का नाही?" "अपवाद आहे," असे म्हणून मी पुढे गेलो. रात्री ते उत्तर मला बोचू लागले. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या माणसाने तरी असे म्हणायला नको होते.

शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत पाठ केल्या. पण आठच का, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. यास्काचार्यांनी 'निरुक्ता'त चारच सांगितल्या: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठ हा आकडा ग्रीकांचा. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या प्राचीन पुस्तिकेत तो आढळतो. त्या आठांत उपपद होते. लॅटिनमध्ये उपपदच नाही. तेव्हा रोमन पंडितांनी केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र कप्पा देऊन आठाची भरती केली! विशेषण तर शतकानुशतके नामाच्याच पोटात होते. इंग्रजीत उपपद परतले आणि लिंड्ली मरेच्या १७९५ च्या व्याकरणात जाती नऊ झाल्या.

इंग्रजी व्याकरणांची ही चौकट समोर ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. तेव्हा ते अवघे बाविशीतले होते. मराठीला उपपद नसल्यामुळे आपल्या शाळांत आठ जातीच रुजल्या. कोकण किनाऱ्यावर मात्र लॅटिनची चौकट फार आधीच पोहोचली होती. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण होय.

आता क्रियापदाचे अर्थ. मरेने पाच मानले. आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार शिकतो. 'ब्लेस'ला 'एस' नाही, कारण ते विधान नव्हे, इच्छा आहे. देव आशीर्वाद देतो असे आपण सांगत नाही. 'देवो' असे म्हणतो. इंग्रजीत या रूपाला 'सब्जंक्टिव्ह' म्हणतात. त्याचे प्रत्यय झिजून गेले. 'एस' नसणे एवढीच खूण उरली. मराठीत मात्र 'येवो', 'होवो', 'मिळो' हा ओकार आजही कानाला स्पष्ट लागतो.

प्रभूच्या प्रार्थनेतील 'येवो' हाच शब्द पाहा. मूळ ग्रीकमध्ये ते तृतीयपुरुषी आज्ञार्थाचे रूप आहे. लॅटिन भाषांतरात तेथे सब्जंक्टिव्ह आला आणि इंग्रजीने तोच मार्ग धरला. मराठी व्याकरणे या ओकाराला आज्ञार्थात घालतात, म्हणजे नकळत ग्रीकांच्या पंगतीला बसतात. देवाला आज्ञा कशी करावी, असा संकोच कोणी बाळगू नये. आज्ञा, विनंती, प्रार्थना आणि आशीर्वाद यांना आपल्या व्याकरणाने एकाच घरात जागा दिली आहे. नाव तेवढे थोरल्या भावाचे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून मी चूक कबूल केली. तिची अडचण वेगळीच होती: "मग परीक्षेत काय लिहू?" मी म्हणालो, "इंग्रजीच्या पेपरात सब्जंक्टिव्ह, मराठीच्या पेपरात आज्ञार्थ."