स्वाक्षरी आणि मर्यादा

वसईच्या किल्ल्यांत फिरणाऱ्या पाहुण्याचें लक्ष प्रथम पोर्तुगीजांच्या उंच कमानींकडे जातें आणि थोड्या वेळानें त्या कमानींखालच्या भिंतींकडे वळतें. त्या भिंतींवर खिळ्यानें, कोळशानें आणि रंगानें लिहिलेलीं किती तरी नांवें दिसतात. चिमाजी अप्पांच्या फौजेनें १७३९ च्या मे महिन्यांत जिंकलेल्या या किल्ल्याशीं आपलेंहि नांव जोडलेलें असावें, एवढीच लिहिणाऱ्याची हौस असते. हौस मानवी आहे. रीत मात्र रानटी आहे. थोर वस्तूशीं किंवा थोर माणसाशीं आपला कांहीं तरी संबंध असावा, या हौसेचें सभ्य रूप म्हणजे स्वाक्षरीची वही. भिंत बिचारी बोलत नाहीं. माणूस बोलतो, आणि कधीं कधीं फार वाईट बोलतो. नामांकित खेळाडूंनीं स्वाक्षरी मागणाऱ्यांना दिलेलीं उद्धट उत्तरें आणि त्यांच्या मागें असलेला इतिहास, हा माझा आजचा विषय आहे.

विषय कोणास क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाहीं, याचें कारण सांगतों. शाळेंत असतांना मी वसईहून आगगाडीनें मुंबईस गेलों होतों आणि सामना संपल्यावर दोन तास दाराशीं उभा राहून एका मोठ्या खेळाडूपुढें मीं वही धरली होती. त्यांनीं वहीकडे न पाहतां "बाजूला हो, रस्ता अडवूं नकोस," एवढेंच म्हटलें. त्या गृहस्थांचें नांव मी सांगणार नाहीं. ती वही अजून माझ्यापाशीं आहे, आणि तिचें तें पान मीं कोरेंच ठेवलें आहे. त्या कोऱ्या पानाचा अर्थ लावण्यास मला पुष्कळ वर्षें लागलीं.

प्रथम स्वाक्षरीचाच विचार करूं. आपल्याकडे ती मागून घेण्याची शोभेची वस्तु नव्हती. ती जबाबदारीची खूण होती. मराठेशाहींतील पत्रें कारकून लिहीत, त्यांवर धन्याचा शिक्का उठे, आणि मजकूर जेथें संपला तेथें मोर्तब होई. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर "मर्यादेयं विराजते" असे शब्द असत. येथें मर्यादा शोभते, म्हणजे यापुढें कोणीं एक अक्षरहि घालूं नये, असा त्याचा आशय. आपलें नांव दुसऱ्याच्या हातीं देणें किती जोखमीचें असतें, हें जाणणाऱ्या लोकांची ही रीत होती.

आणि त्या जोखमीचें मोल पाहावयाचें असेल, तर वसईइतकें योग्य स्थळ दुसरें नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोंकणांत उतरले आणि समुद्रमार्गें वसईस आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं येथेंच त्यांचा इंग्रजांशीं तह झाला. सहा हजार शिपायांची तैनाती फौज गळ्यांत पडली, आणि तिच्या खर्चासाठीं २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख हातचा गेला. एका कागदावरील संमतीनें राज्याचें स्वातंत्र्य कसें जातें, हें या गांवानें पाहिलें आहे. नांव लिहून देतांना माणूस कां कचरतो, हें वसईकरांस निराळें सांगावयास नको.

यूरोपांत या गोष्टीचा उगम वेगळा आहे. सोळाव्या शतकांत जर्मन विद्यार्थी मित्रांची वही बाळगीत. विटेनबर्ग येथील विद्यार्थ्यांत ही चाल प्रथम रूढ झाली. विद्यार्थी गुरूपुढें किंवा स्नेह्यापुढें वही ठेवी, आणि तो तींत एखादें वचन, आपलें नांव व तारीख लिही. त्या वहींतील प्रत्येक अक्षरामागें ओळख होती. आधीं स्नेह, मग स्वाक्षरी, असा तो क्रम होता. पुढें काळ पालटला. ओळख गळाली आणि वही तेवढी उरली. ज्याला आपण ओळखतों पण जो आपल्याला ओळखत नाहीं, त्याच्यापुढें आपण ती धरूं लागलों. सगळ्या तंट्याचें मूळ येथें आहे.

ही एकतर्फी ओळख मुंबईच्या क्रिकेटनें आपल्याकडे आणली. १९०७ मध्यें तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्यें ते चौरंगी झाले आणि १९३७ मध्यें पंचरंगी. १९३४ मध्यें ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं मुंबईच्या मैदानावरून सामन्याचें धावतें वर्णन नभोवाणीवर केलें, आणि ज्यांनीं मैदान कधीं पाहिलें नव्हतें त्यांच्या दिवाणखान्यांत खेळाडू येऊन बसले. घरांतलीं मुलें त्यांच्याविषयीं मामा-काकांविषयीं बोलावें तशीं बोलूं लागलीं. मामा-काकांनीं मात्र या भाच्या-पुतण्यांना कधीं पाहिलेंहि नव्हतें! ज्या यंत्रावरून मी आज आपल्याशीं बोलत आहें, त्या यंत्राचाहि या गैरसमजुतींत वांटा आहे, हें कबूल करणें भाग आहे.

प्रेक्षकांचें प्रेम त्या काळीं कसें उतूं जाई, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९३३ मध्यें मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. लाला अमरनाथ यांनीं ११८ धावा काढल्या. लोक मैदानांत धांवले, हार पडले, आणि स्त्रियांनीं अंगावरचे दागिने काढून दिले. पण हेंच लोक खेळाडूशीं नेहमीं इतक्या औदार्यानें वागले होते काय? पळवणकर बाळू यांचा वृत्तान्त आठवावा. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरावर गडी बाद करणारा हा असामान्य गोलंदाज पुण्यास हिंदूंच्या संघांतून खेळे, तेव्हां त्याचा चेंडू सर्वांना चाले, आणि चहाच्या वेळीं त्याला मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. पुढें १९२३ मध्यें त्यांचे बंधु विठ्ठल हे हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि तो संघ विजयी झाला. तेव्हां उच्चवर्णीय म्हणविणाऱ्यांनींच त्यांना खांद्यावर घेतलें. त्या खांद्यांनीं जें केलें, तें हजार स्वाक्षऱ्यांहून मोठें होतें. खेळाडूच्या उद्धटपणाचा हिशेब मांडतांना जमेच्या आणि नांवेच्या दोन्ही बाजू मांडाव्या लागतात, त्या अशा.

आतां उद्धटपणाचीं कांहीं उघड उदाहरणें घेऊं. अमेरिकेंत मिकी मँटल हा बेसबॉलचा लाडका खेळाडू होऊन गेला. त्याचा सहकारी जिम बाउटन यानें १९७० सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत स्वाक्षरीसाठीं आलेल्या लहान मुलांना मँटल कसा बाजूला सारी आणि बसगाडीची खिडकी त्यांच्या तोंडावर कशी लावून घेई, हें लिहिलें. पुस्तकानें मोठी खळबळ उडाली. कांहीं वर्षांनीं याच मँटलच्या स्वाक्षऱ्या प्रदर्शनांतून दाम मोजून मिळूं लागल्या. मुलाला जी फुकट मिळाली नाहीं, ती प्रौढाला विकत मिळाली. बाजार असा उभा राहिल्यावर खोट्या स्वाक्षऱ्यांचा धंदाहि चालला, आणि अमेरिकेच्या केंद्रीय पोलिसांना १९९० नंतरच्या दशकांत त्यावर मोठी मोहीम काढावी लागली. समोरचें पोर खरोखरच खेळाचें वेडें आहे कीं उद्यां वही विकणाऱ्याचा हस्तक आहे, अशी शंका खेळाडूच्या मनांत शिरली, ती या बाजारामुळें.

दुसरें उदाहरण बास्केटबॉलपटु बिल रसेल याचें. अकरा वेळां अजिंक्यपद मिळविणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू स्वाक्षरी देण्याचें सरळ नाकारी. त्याऐवजीं हात मिळविण्यास किंवा दोन शब्द बोलण्यास तो तयार असे. लोकांनीं त्याला गर्विष्ठ ठरविलें. परंतु त्याच्या घरीं काय घडलें होतें? त्याच्या घरांत शिरून समाजकंटकांनीं नासधूस केली होती आणि भिंतींवर वर्णद्वेषाचे शब्द लिहून ठेवले होते. ज्या समाजानें त्याच्या भिंतीवर शिव्या लिहिल्या, त्या समाजाच्या वहींत त्यानें आपलें नांव कां लिहावें? रसेलचा नकार कठोर असेल, पण त्याला उद्धट म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं. तो स्वाक्षरी नाकारी आणि ओळख देऊं करी. म्हणजे विटेनबर्गच्या विद्यार्थ्यांचा मूळ क्रम तोच पुन्हां सांगत होता.

याच्या उलट ऑस्ट्रेलियाचे डोनाल्ड ब्रॅडमन. स्वभावानें एकलकोंडे, गर्दी टाळणारे. तथापि निवृत्तीनंतर कित्येक वर्षें जगभरच्या अपरिचितांच्या पत्रांना ते स्वतः उत्तरें लिहीत आणि स्वाक्षऱ्या देत. गर्दीपासून दूर राहण्याची त्यांची मर्यादा आणि लेखणी उचलण्याचें त्यांचें सौजन्य एकमेकांच्या आड आलें नाहीं. एकांतप्रिय असणें आणि उद्धट असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, याला हा पुरावा पुरेसा आहे.

आज वहीची जागा हातांतल्या दूरध्वनीनें घेतली आहे. एप्रिल २०२२ मध्यें लिव्हरपूल येथील सामना हरून परततांना पोर्तुगालचा फुटबॉलपटु क्रिस्तियानो रोनाल्डो यानें एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हातांतील दूरध्वनि फटका मारून खालीं पाडला. त्यानें जाहीर क्षमा मागितली. तरीहि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें त्याला दोन सामन्यांची बंदी आणि ५० हजार पौंडांचा दंड केला.

आणि आपल्या विरारचें काय? १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी सुटली. त्याच लोहमार्गावरून लहानपणीं मोठी थैली घेऊन सरावाला जाणारा विरारचा पृथ्वी शॉ यानें २०१३ मध्यें शालेय हॅरिस ढाल स्पर्धेंत ५४६ धावा काढल्या आणि २०१८ मध्यें पहिल्याच कसोटींत १३४ काढून साऱ्या तालुक्याला हर्षभरित केलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें सांताक्रूझच्या एका हॉटेलापाशीं त्याच्याबरोबर छायाचित्र काढण्यावरून तंटा झाला. त्यानें एकदां होकार दिला, पुन्हां मागणी होतांच नकार दिला, आणि नंतर मित्राच्या गाडीवर हल्ला झाला, अशी तक्रार पोलिसांत गेली. समोरच्या पक्षानेंहि उलट आरोप केले. खरेंखोटें करण्याचें काम न्यायालयाचें आहे. आपण एवढेंच पाहावें कीं, नकार ऐकण्याची संवय सुटली म्हणजे विनंतीचें रूपांतर खंडणींत होण्यास क्षणहि लागत नाहीं.

शेवटीं एक आठवण कराडजवळच्या गोळेश्वरची. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. ते परतले तेव्हां शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते १९८४ मध्यें वारले; अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. मिरवणुकीच्या दिवशीं ज्याच्याभोंवतीं गर्दी करावी, त्याला पुढें इतकीं वर्षें विसरून जावें, हा समाजाचा उद्धटपणा नव्हे काय? खेळाडूचें एक वांकडें वाक्य आपण आयुष्यभर ध्यानांत ठेवतों. आपलें मौन मात्र आपल्याला ऐकूं येत नाहीं.

श्रोतेहो, नकार हा खेळाडूचा अधिकार आहे. अपमान हा कोणाचाच अधिकार नाहीं. "आज नको, बाळ" या तीन शब्दांत नकार पुरा होतो, आणि तो देण्यास "बाजूला हो" म्हणण्याहून अधिक वेळ लागत नाहीं. मागणाऱ्यानेंहि प्रथम समोरचा चेहरा पाहावा, मग वही उघडावी. जेवणाच्या पानावर, आजाऱ्याच्या उशाशीं, किंवा पराभवाच्या दाराशीं वही नेऊं नये.

माझ्या वहींतील त्या कोऱ्या पानाविषयीं सांगून संपवितों. त्या दिवशीं ते गृहस्थ शून्यावर बाद झाले होते. हें मला ठाऊक होतें. मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. तरी दोन तास दाराशीं उभें असतां तें एकदांहि माझ्या मनांत आलें नाहीं. मला त्यांचें नांव हवें होतें. त्यांचें दुःख माझ्या हिशेबांत नव्हतें. एका पोराशीं ते वाईट वागले, हें आजहि खरेंच आहे. पण त्या संध्याकाळीं मर्यादा दोघांनीं ओलांडली होती, आणि त्यांतला एक मी होतों. मोर्तब जेथें उठावयाचें, ती जागा अशा वेळीं कोरीच राहते.