मारलावाईचे हायमेनडॉर्फ दांपत्य : आदिलाबादच्या डोंगरात मांडलेला एक युरोपीय संसार

नोकरी किंवा शिक्षणानिमित्त युरोपात राहणाऱ्या गोमंतकीय आणि मराठी कुटुंबांना सुटीचे बेत आखण्याची सवय असते. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की लिस्बनहून सिंत्राला किंवा लंडनहून एडिंबराला जायचे, मुलांना किल्ले आणि संग्रहालये दाखवायची, छायाचित्रे काढायची आणि सोमवारी कामावर परतायचे. सुमारे ८५ वर्षांपूर्वी एका युरोपीय दांपत्याने याच्या नेमका उलट प्रवास केला. व्हिएन्नात जन्मलेला पती आणि त्याची इंग्रज पत्नी हैदराबाद संस्थानच्या उत्तर टोकाला, आदिलाबाद जिल्ह्यातील मारलावाई या गोंड खेड्यात येऊन राहिली. दोघांच्याही समाध्या आज त्याच गावात शेजारी-शेजारी आहेत. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि एलिझाबेथ ऊर्फ बेटी यांच्या या वास्तव्याचा, त्यातून घडलेल्या कार्याचा आणि आजच्या प्रवाशाला पाहता येतील अशा त्यांच्या परिसरातील स्थळांचा हा परिचय.

व्हिएन्ना ते हैदराबाद

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ सालचा. व्हिएन्ना विद्यापीठात मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर ते लंडनला गेले आणि तेथे ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांच्या चर्चावर्गात सहभागी झाले. ज्या लोकांचा अभ्यास करायचा त्यांच्यातच दीर्घकाळ राहायचे, त्यांची भाषा शिकायची, हा मॅलिनोव्स्की यांचा आग्रह होता. १९३६ मध्ये हायमेनडॉर्फ नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये जाऊन राहिले. १९३८ मध्ये बेटी बार्नार्डो यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९३९ मध्ये हे दांपत्य भारतात आले.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया आदल्या वर्षीच जर्मनीला जोडला गेला असल्याने हायमेनडॉर्फ यांच्याजवळ जर्मन पारपत्र होते. साहजिकच ब्रिटिश सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले. मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याची आणि संशोधन करण्याची मुभा त्यांना मिळाली. नागा टेकड्यांकडे परतण्याचा मार्ग बंद झालेल्या या दांपत्याने मग संस्थानातील आदिवासींकडे लक्ष वळवले. नल्लमलाच्या जंगलातील चेंचू, गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड, असा त्यांच्या अभ्यासाचा क्रम राहिला.

मारलावाईतले घर

मारलावाई हे गाव आता जैनूर मंडलात, कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणा सरकारने जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. त्यापूर्वी हा सारा डोंगराळ टापू एकाच जिल्ह्याचा भाग होता.

गोंडांच्या घरांसारखेच शाकारलेले घर बांधून हे दांपत्य तेथे राहिले. डोंगरात धड रस्ते नव्हते, त्यामुळे फिरणे पायी किंवा बैलगाडीने होई. या भटकंतीत बेटी केवळ सोबतीण नव्हत्या. माहिती गोळा करणे, नोंदी ठेवणे आणि विशेषतः स्त्रियांच्या जगाशी संपर्क साधणे यांत त्यांचा मोठा वाटा होता. १९४५ चा कोंडा रेड्डींवरील ग्रंथ आणि १९७९ चा आंध्र प्रदेशातील गोंडांवरील ग्रंथ, या दोन्हींवर त्यांच्या सहकार्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दक्षिण आशियाच्या मानववंशशास्त्रीय लेखनाची सूचीही त्यांनी स्वतंत्रपणे तयार केली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक तपशील लक्षणीय आहे. राजगोंडांच्या कुळकथा गाणारे परधान हे त्यांचे परंपरागत भाट होत. किकरी या तंतुवाद्यावर ते गोंडीतून दैवतांच्या आणि वीरांच्या कथा सांगतात. परंतु आदिलाबादच्या बऱ्याच भागांत त्यांची घरची भाषा मराठी आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजगोंडांच्या पुराकथा आणि विधींवरील हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथाला या परधानांच्या कथनाचा मोठा आधार आहे.

पाहण्यापुरते न राहिलेले वास्तव्य

हे दांपत्य आदिलाबादेत आले तेव्हा डोंगर अस्वस्थ होते. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्याने गोंड आणि कोलाम कुटुंबांची कसती जमीन आणि वस्त्या जंगलखात्याच्या हद्दीत गेल्या होत्या. सपाटीवरची सुपीक जमीन बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या नावे होत होती. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या गोंडाजवळ मात्र कागद नव्हता. या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आजही त्यांच्या नावाशी जोडली जाते.

या उठावानंतर आदिवासींच्या असंतोषाची कारणे समजून घेण्यासाठी निजाम सरकारला हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासाची गरज भासली. त्यांचे चार अहवाल १९४५ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाले. पुढे ते आदिवासी आणि मागास वर्गांसाठी सरकारचे सल्लागार झाले, तसेच उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापकही. त्या काळात तीन गोष्टी उभ्या राहिल्या.

पहिली गोष्ट जमिनीचे पट्टे. हजारो आदिवासी कुटुंबांना कसत्या जमिनीचे पट्टे देण्यात आले आणि आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम तयार झाला.

दुसरी गोष्ट शाळा. १९४३ मध्ये मारलावाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेला प्रचलित लिपी नव्हती आणि मराठी जाणणारे काही गोंड तरुण उपलब्ध होते. त्यामुळे गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापण्यात आली. गोंड मुलांनी पहिली अक्षरे आपल्या भाषेत आणि आपल्याच समाजातील गुरुजींकडून गिरवली.

तिसरी गोष्ट दरबार. केसलापूरच्या नागोबा जत्रेला डोंगरातील गोंड दरवर्षी जमतात. तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनीच तेथे यावे आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, ही प्रजादरबाराची प्रथा चाळीसच्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने पडली.

या कामात मराठी माणसाचाही हात होता. शिवकाळाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत होते. आदिलाबादेत आदिवासींसाठी काम करताना ते गोंडी शिकले, त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकही सिद्ध केले.

परतीनंतर दिसलेले चित्र

१९४९ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये रुजू झाले आणि १९५१ मध्ये तेथे प्राध्यापक झाले. नेपाळमध्ये त्यांनी शेर्पांवर केलेले संशोधनही विख्यात आहे. त्यांची हजारो छायाचित्रे आणि चित्रफिती याच संस्थेच्या संग्रहात जतन केलेल्या आहेत.

दरम्यान १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य विभागले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके, तसेच बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात आली. उरलेल्या आदिलाबादेत शाळांची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतून गोंडी शिकवण्याचा प्रयोग मागे पडला.

१९७६ च्या निवृत्तीनंतर हे दांपत्य जुन्या गावांत परतले आणि त्यांनी नव्याने पाहणी केली. रस्ते आले होते, बाजार वाढले होते; पण त्याच रस्त्यांनी बाहेरची वस्तीही आली होती आणि पट्टे मिळालेल्या अनेक गोंडांच्या हातून जमीन पुन्हा निसटली होती. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास १९५९ चा विनियम आणि १९७० ची त्यावरील दुरुस्ती यांनी प्रतिबंध केला असला, तरी प्रत्यक्ष व्यवहार थांबले नव्हते. २० एप्रिल १९८१ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकड्यानुसार १३ जण मृत्युमुखी पडले. मृतांची संख्या त्याहून बरीच अधिक असल्याचे स्थानिक लोक आणि कार्यकर्ते सांगत आले आहेत. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच भारतातील आदिवासींच्या ‘तगून राहण्याच्या लढ्या’चा निर्देश आहे.

गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे हा सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत आजही जिव्हाळ्याचा विषय आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद नसणे म्हणजे काय, हे तेथील कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही.

बेटी यांचे ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादमध्ये निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना मारलावाईत चिरविश्रांती देण्यात आली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनमध्ये निवर्तले. गावकरी दरवर्षी ११ जानेवारीला या दांपत्याचे स्मरण करतात.

आज काय पाहावे?

मारलावाई : दांपत्याच्या समाध्या येथे आहेत. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या दंडारी उत्सवातील गुसाडी नृत्यासाठीही हे गाव ओळखले जाते. मोरपिसांचा भरगच्च मुकुट हे या नृत्याचे वैशिष्ट्य. ते जपणारे याच गावचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

केसलापूर : इंद्रवेल्ली मंडलातील हे नागोबाचे क्षेत्र. पौष अमावस्येच्या रात्री महापूजेने जत्रा सुरू होते. पूजेचा मान मेसराम कुळाचा. या कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची ‘भेटिंग’ या विधीने देवाशी ओळख करून दिली जाते. मेसराम कुटुंबांनी वर्गणीतून बांधलेल्या नव्या मंदिराची प्रतिष्ठापना २०२२ मध्ये झाली.

जोडेघाट : केरामेरी मंडलात कुमरम भीम यांचे स्मारक आणि आदिवासी संग्रहालय आहे. मुलांना या प्रदेशाचा इतिहास समजावून देण्यासाठी हे ठिकाण सोयीचे.

कुंतला आणि पोचेरा : कडेम नदीवरील कुंतला हा सुमारे ४५ मीटर उंचीचा धबधबा नेरेडिगोंडा मंडलात आहे. खाली उतरण्यास बऱ्याच पायऱ्या असल्याने वृद्धांनी विचार करून उतरावे. पोचेरा त्या मानाने कमी उंच, पण रुंद आणि खोल. दोन्ही ठिकाणी बुडून मृत्यू झालेले असल्याने डोहात उतरू नये.

निर्मल आणि बासर : निर्मलची पोनिकी लाकडाची रंगीत खेळणी प्रसिद्ध आहेत. गोदावरीकाठच्या बासर येथे सरस्वतीच्या मंदिरात मुलांचा अक्षरारंभ करण्याची प्रथा असून महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे त्यासाठी येतात.

प्रवासाची आखणी

आदिलाबाद शहर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, हैदराबादहून सुमारे ३०० किलोमीटर आणि नागपूरहून सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे. गोव्याहून हैदराबादपर्यंत विमानाने जाऊन पुढे मोटारीने जाणे सर्वांत सोपे. धबधब्यांसाठी ऑगस्ट ते डिसेंबर, दंडारीसाठी दिवाळीचा काळ आणि नागोबा जत्रेसाठी जानेवारी-फेब्रुवारी योग्य. उन्हाळा येथे अतिशय कडक असतो. मुक्काम आदिलाबाद किंवा निर्मल शहरात करून डोंगरातील गावे दिवसभरात पाहता येतात. आदिलाबाद शहरात आणि महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या गावांत मराठी सहज समजते.

मारलावाई आणि केसलापूर ही लोकांच्या राहण्याची आणि श्रद्धेची गावे आहेत. गावच्या पटेलांना किंवा वडीलधाऱ्यांना भेटून, परवानगी घेऊनच छायाचित्रे काढावीत. पूजेच्या वेळी मेसराम कुळाबाहेरच्यांनी कोठपर्यंत जावे, याचे संकेत तेथील माणसे सांगतात, ते पाळावेत.