रफूगाराची लेक

मनुष्याचें बालपण संपतें. पण त्यांतील एखादा सल वृद्धापकाळापर्यंत मनांत घर करून राहतो. बहुतेक लोक त्यावर मौनाचें पांघरूण घालतात. लुईझ बुर्ज्वा ह्या शिल्पकर्त्रीनें मात्र तो सल लाकूड, संगमरवर आणि पोलाद ह्यांच्या रूपानें जगासमोर उभा केला.

बुर्ज्वाबाईंचा जन्म २५ डिसेंबर १९११ रोजीं पॅरिस येथें झाला. भिंतींवर टांगावयाचे चित्रविणीचे जुने पडदे दुरुस्त करून विकणें हा त्यांच्या घरचा धंदा. पॅरिसमधील दुकान वडील पाहत. शहराबाहेर आंतोनी येथें बिएव्र नदीच्या कांठीं असलेला कारखाना आई सांभाळीत असे. अशा पडद्यांचा खालचा भाग आधीं झिजतो. त्यामुळें त्यांवरील आकृतींचे पाय नाहींसे झालेले असत. ते गेलेले पाय रेखून देण्याचें काम छोट्या लुईझकडे आलें. फाटलेलें पुन्हां सांधतां येतें, हा तिचा कलेंतील पहिला धडा.

परंतु त्याच घरांत न सांधणारी एक चीर पडली होती. मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठीं ठेवलेल्या तरुण शिक्षिकेशीं वडिलांचे संबंध जडले, आणि ती अनेक वर्षें त्याच छपराखालीं राहिली. आई सर्व जाणून गप्प बसली. वडील दुरावले, शिक्षिकेवरील विश्वास उडाला, आणि ज्या आईनें बोलावें तीहि बोलेना! १९३२ मध्यें आई वारली, तेव्हां सॉर्बोनमध्यें गणित शिकणारी ही मुलगी कलेकडे वळली. १९३८ मध्यें अमेरिकन कलेतिहासकार रॉबर्ट गोल्डवॉटर ह्यांच्याशीं विवाह करून ती न्यूयॉर्कला गेली.

देश सुटला, पण घर सुटलें नाहीं. वडिलांच्या मृत्यूला तेवीस वर्षें झाल्यावर, १९७४ मध्यें, बुर्ज्वाबाईंनीं 'पित्याचा विध्वंस' हें मांडणशिल्प रचलें. तांबड्या प्रकाशानें भरलेली गुहा, मध्यें जेवणाचें मेज, आणि त्यावर मांसाच्या तुकड्यांसारखे आकार. जेवतांना सदा स्वतःचीच बढाई सांगणाऱ्या बापाला मुलें मेजावर ओढून खाऊन टाकतात, अशी त्यामागची कल्पना. पाहणाऱ्याच्या अंगावर शहारे येतात. पण लहान मुलाचा दाबलेला राग असाच असतो, हें कोण नाकारील?

त्यांची खरी कीर्ति सत्तरीनंतरची. १९८२ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें त्यांच्या सर्व कार्याचें प्रदर्शन भरविलें. त्याच वर्षीं त्यांनीं बालपणाची ती हकीकत एका कलानियतकालिकांत छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. पुढें त्यांनीं 'कोठड्या' नांवाची शिल्पमालिका रचली. तींतील एकींत, जाळीच्या पिंजऱ्यांत, शुआझी गांवच्या बालपणींच्या घराची गुलाबी संगमरवरी प्रतिकृति आहे. तिच्यासमोर गिलोटिनचें पातें टांगलेलें आहे. वर्तमानकाळ भूतकाळाचा शिरच्छेद करूं पाहतो; पण तें पातें वरच अडकून राहिलें आहे.

मग रागाचा शेवट काय? १९९९ मध्यें, सत्याऐंशीव्या वर्षीं, बुर्ज्वाबाईंनीं नऊ मीटरांहून उंच पोलादी कोळीण घडविली. तिच्या पोटाशीं संगमरवरी अंडीं आहेत. नांव 'मामां', म्हणजे आई. दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयांत ती लोकांनीं पाहिली. जाळें तुटलें तर कोळीण चिडत नाहीं. ती तें पुन्हां विणते. रफू करणाऱ्या आईचें हें स्मारक आहे.

२०१० मध्यें, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं, बुर्ज्वाबाई न्यूयॉर्क येथें निवर्तल्या. अखेरच्या वर्षांत त्या आपल्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिल्पें शिवीत असत. रफू केलेलें वस्त्र नवें होत नाहीं, जोड दिसतोच. पण तें पुन्हां अंगावर घालतां येतें. दुखावलेल्या बालपणालाहि कदाचित् याहून अधिक कांहीं मागतां येत नाहीं. आणि इतकें मिळालें, तरी तें थोडें नव्हे.