शिक्षेला मुदत, खटल्याला नाही

वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील आपल्या धर्मग्रामांत असे कुटुंब विरळाच, की ज्यातील कोणी ना कोणी बोटीवर गेलेला नाही, अथवा आखाती देशात नोकरीला राहिलेला नाही. अशा प्रत्येक प्रवासाचा आरंभ पारपत्राच्या, म्हणजेच पासपोर्टच्या अर्जाने होतो. त्या अर्जात एक प्रश्न असतो: आपणांवर फौजदारी खटला चालू आहे काय? आपणांस न्यायालयाने कधी शिक्षा केली आहे काय? ह्या प्रश्नापाशी अनेकांची लेखणी अडखळते. हा प्रश्न कोठून आला आणि तो कोणाला किती काळ अडवितो, ह्याचा इतिहास आम्हांस प्रत्येक घराने जाणून घेण्याजोगा वाटतो.

इंग्रजी अमलात १९२० साली पारपत्राचा कायदा झाला. तो मुख्यतः हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांविषयी होता. देशाबाहेर जाऊ इच्छिणाऱ्याला पारपत्र केव्हा द्यावे आणि केव्हा नाकारावे, ह्याचे नियम त्यात नव्हते. स्वातंत्र्यानंतरही सुमारे वीस वर्षे हीच स्थिती राहिली. पारपत्र म्हणजे सरकारची मेहेरबानी, असा एकंदर समज होता.

हा समज मोडला तो सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्यामुळे. त्यांचा आयात-निर्यातीचा व्यवसाय होता. आयात परवान्याच्या अटी मोडल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी चालू असता, १९६६ साली सरकारने त्यांना पारपत्रे परत करण्यास सांगितले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बा राव ह्यांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायद्याच्या आधारावाचून तो हिरावून घेता येणार नाही. कायदाच नसल्यामुळे सरकारची अडचण झाली. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि जूनमध्ये १९६७ चा पारपत्र कायदा अस्तित्वात आला. आजही तोच लागू आहे.

ह्या कायद्याच्या सहाव्या कलमात आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल भारतातील न्यायालयाने दोषी ठरवून किमान दोन वर्षांची कैद दिली असेल आणि दोषी ठरल्यापासून पाच वर्षे उलटली नसतील, तर पारपत्र नाकारावे, असे ते कलम सांगते. नैतिक अधःपतन ही कल्पना परदेशांतील कायद्यांतही आढळते. अमेरिकेने १८७५ साली शिक्षा झालेल्या परकीयांना प्रवेश बंद केला, परंतु राजकीय गुन्हे त्यातून वगळले. १८९१ च्या तेथील कायद्यात नैतिक अधःपतन हे शब्द दिसतात. कायदा मोडणारा प्रत्येक जण नीतिभ्रष्ट असतो असे नव्हे, हा विवेक त्यामागे आहे.

मात्र त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे. ज्याच्यावरील आरोपाचा खटला फौजदारी न्यायालयात प्रलंबित आहे, त्यालाही पारपत्र नाकारावे. येथे गुन्हा लहान की मोठा, हे पाहिलेले नाही. वर्षांची मर्यादाही घातलेली नाही. समजा, शेताच्या बांधावरून भाऊबंदांत हाणामारी झाली, दोषारोपपत्र दाखल झाले आणि खटला बारा वर्षे रेंगाळला. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पाच वर्षांनी वाट मोकळी होते. ज्याचा अपराध अद्याप सिद्धच झालेला नाही, त्याने मात्र बारा वर्षे दाराशी तिष्ठत राहावयाचे! निर्दोष मानलेल्याला दोषीपेक्षा जड बंधन, असा हा उफराटा न्याय झाला.

हा पेच सोडविण्याचा मार्ग २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने दाखविला. ज्या न्यायालयात खटला चालू आहे, त्याने परदेशी जाण्यास परवानगी दिल्यास पारपत्र मिळू शकते. न्यायालयाने ठरविलेल्या मुदतीपुरते ते असते. मुदत दिलीच नसेल तर एक वर्षापुरते. बोलावणे येताच न्यायालयात हजर होईन, असे लेखी वचन अर्जदाराला द्यावे लागते. पुढे २०१९ साली परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले, की केवळ पोलिसांत तक्रार नोंदली जाणे म्हणजे न्यायालयात खटला प्रलंबित असणे नव्हे. शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित आहे, एवढ्याच कारणाने पारपत्राचे नूतनीकरण नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले.

तथापि पारपत्र म्हणजे व्हिसा नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. परदेशाचे दार उघडणे त्या त्या देशाच्या हाती असते, आणि पोलिसांचा दाखला अनेक ठिकाणी मागितला जातो. तेथेही काळाला मान आहे. कॅनडात, फारसा गंभीर नसलेला एकच गुन्हा असेल, तर शिक्षा पुरी होऊन दहा वर्षे लोटल्यावर काही अटींवर तो माणूस सुधारला आहे असे मानतात.

एक मोह मात्र टाळावा, आणि तो म्हणजे लपविण्याचा. अर्जातील महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी ह्याच कायद्यात तरतूद आहे. जुन्या भांडणाचा खटला उद्या मिटेलही; खोटे लिहिल्याचा खटला नव्याने उभा राहील. एजंट 'नाही' असे लिहावयास सांगत असेल, तर त्याचे न ऐकता वकिलाकडे जावे, न्यायालयाची परवानगी मागावी. पारपत्र नाकारले गेल्यास कारणे लेखी मागण्याचा आणि अपील करण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे मोकळा असतो.

कायद्याने दोषी माणसाच्या डागालाही पाच वर्षांची मुदत घालून दिली आहे. आपण गावकरी मात्र कोणाच्या पोराला 'तो केसवाला' म्हणून जन्मभर ओळखतो, त्याची सोयरीक मोडतो, त्याच्या नोकरीची चौकशी आली की मान हलवितो. पारपत्राच्या कचेरीत जे पाच वर्षांत पुसले जाते, ते आपल्या ओसरीवर किती काळ राहते, हे प्रत्येकाने आपल्याशीच ताडून पाहावे.