कमल देसाई : निर्मितीची आस आणि तिची किंमत

जळगाव, प्रतिनिधी - खानदेशातील वाचकाला स्त्रीच्या अंतर्मनाची पहिली ओळख बहुधा बहिणाबाई चौधरींच्या कवितेतून होते. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचे शब्द इतरांनी टिपून ठेवले आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्यांचे पुस्तक झाले. आपल्याला लेखिका व्हायचे आहे, ही आकांक्षा त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला येणेच शक्य नव्हते. पुढे ती शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या मनात रुजली. तेव्हा काय घडले, याचे सर्वांत निर्भीड चित्रण कमल देसाई यांच्या कथात्म साहित्यात आहे.

कमलताईंचा जन्म १० नोव्हेंबर १९२८ रोजी बेळगाव जिल्ह्यातील यमकनमर्डी येथे झाला. मराठीच्या प्राध्यापिका म्हणून त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १७ जून २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने १९३३ मध्ये सुशिक्षित अविवाहितेची घुसमट मांडली होती. कमलताईंनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या नायिकांना केवळ बंधनातून सुटायचे नाही. त्यांना काहीतरी निर्माण करायचे आहे.

'रंग' (१९६२) या पहिल्या संग्रहातील 'तिळा बंद' या कथेचे शीर्षकच बोलके आहे. अलिबाबाच्या गोष्टीत दार उघडणारा मंत्र सर्वांच्या लक्षात राहतो. कमलताईंनी दार मिटणारा निवडला. 'रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग' हे शीर्षक तुकोबांचे. तिथले युद्ध बाहेरच्या जगाशी आहे, तसेच स्वतःच्या मनाशीही.

'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' या लघुकादंबऱ्या १९७५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या. पहिलीत अंधश्रद्ध गावाचे दैवतच काळे आहे आणि नायिकेचा संघर्ष त्या देवळाच्या विध्वंसापर्यंत जातो. दुसरीतील बाईला चित्रपट करायचा आहे. पुरुषांच्या डोक्यावर शोभणारी हॅट ती स्वतः घालते. परंतु चित्रपटाला पैसा लागतो आणि पैशाच्या वाटेवर पुरुष उभे असतात. वास्तव आणि कल्पित यांची सरमिसळ करणारी ही शैली वाचकाला सहजी हाती लागू देत नाही. सुखमणी रॉय यांनी केलेला या दोन्ही कृतींचा इंग्रजी अनुवाद १९९९ मध्ये प्रकाशित झाला.

या नायिकांना एकाकीपण चुकत नाही. मात्र लेखिका त्यांची कीव करीत नाही. किंमत मोठी आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ती मोजण्याचा निर्णय त्यांचाच असतो. दया नको, जबाबदारी हवी, ही भूमिका स्त्रीवादी चर्चा मराठीत रुळण्यापूर्वीच त्यांच्या लेखनात आली होती.

कमलताईंचे लेखन मोजके आहे. प्रथमच वाचणाऱ्यांनी 'रंग'पासून प्रारंभ करावा आणि मग 'हॅट घालणारी बाई'कडे वळावे. आजही नोकरी, घर आणि स्वतःची कला यांत वेळेची वाटणी करणाऱ्या स्त्रीला त्या बाईची धडपड परकी वाटणार नाही.